स्नॉर्कल लावलंय, तरी फिल्टरचा डबा ओला: दर पावसाळ्यात परतणारं दुखणं

गाडीला स्नॉर्कल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी) आहे, पाणी कधी बंपरच्या वर गेलेलं नाही, तरी डबा उघडला की एअर फिल्टर ओला. गॅरेजवाला सिलिकॉन भरून देतो, थोडे दिवस बरे जातात, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तोच प्रकार. ज्यांच्या गाडीला हे दुखणं आहे त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्या जुन्या डिझेल थारला ते सलग तीन पावसाळे होतं.

पहिल्या वर्षी ताम्हिणीतून परत आल्यावर सहज डबा उघडला, तर तळाला बशीभर पाणी. त्या फेरीत मी ओढासुद्धा ओलांडला नव्हता, नुसता घाटातला पाऊस आणि रस्त्यावरून वाहणारं पाणी. ज्यांनी स्नॉर्कल बसवलं त्यांच्याकडे गेलो. "साहेब, जॉइंटला जरा सिलिकॉन कमी पडलं असेल," म्हणून त्यांनी अर्धी ट्यूब रिकामी केली. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाणी, पुन्हा ट्यूब. दोन्ही वेळा मला वाटलं, काम झालं. आता मागे वळून पाहिलं की हसू येतं. दुरुस्ती व्हायची ऑगस्टच्या शेवटी, पाऊस ओसरायचा सप्टेंबरात, आणि सगळं श्रेय जायचं सिलिकॉनला. कोरड्या महिन्यांत ही गळती कळतच नाही, म्हणून ती "दुरुस्त" झालेली दिसते.

ती का कळत नाही, हे आधी समजून घ्या. स्नॉर्कलच्या तोंडापासून टर्बोपर्यंतच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) सगळ्या वाटेत इंजिन हवा ओढत असतं, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. कुठे फट असली तर तिथून हवा बाहेर येत नाही, आत जाते. इंजिनाला हवेशी मतलब, ती तोंडातून आली की फटीतून, याच्याशी नाही. पिकअप कमी होत नाही, धूर नाही, आवाज नाही. फट फिल्टरच्या अलीकडे असेल तर धूळही फिल्टर अडवतो. पण त्याच फटीवर पाणी आलं की इंजिन ते तितक्याच आवडीनं ओढतं. अडीच लिटरचं इंजिन 3000 आरपीएमवर मिनिटाला साधारण पावणेचार हजार लिटर हवा घेतं, गच्चीवरच्या हजार लिटरच्या पावणेचार टाक्या. टर्बो असेल तर याहूनही बरीच जास्त. एवढ्या ओढीपुढे बोटभर फट म्हणजे नळच.

आणि इंजिन बंद पाडायला पाणी किती लागतं? चार सिलिंडरचं 2.5 लिटर इंजिन म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे 625 घन सेंटिमीटर. डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, 18 धरला तर पिस्टन वर पोचल्यावर उरलेली जागा जेमतेम 37 घन सेंटिमीटर, म्हणजे अडीच मोठे चमचे. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. बशीभर पाणी पाहून "एवढंसं तर आहे" असं मी पहिल्या वर्षी म्हणालो होतो, ते या आकड्याशेजारी ठेवून बघा.

पाणी कुठून आलं, हे पाणीच सांगतं

तिसऱ्या वर्षी गॅरेजला जाण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि ती पहिल्याच वर्षी करायला हवी होती. डब्यातलं पाणी इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून स्टीलच्या वाटीत काढलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी वाटीच्या तळाला तांबूस गाळ बसलेला. पाऊस वरून, म्हणजे स्नॉर्कलच्या डोक्यातून आला असता तर पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, फार तर जुनी धूळ मिसळून करडं झालं असतं. चाकानं उडवलेलं पाणी मात्र रस्त्यावरची माती घेऊन येतं. म्हणजे मी दोन वर्षं वरचे सांधे बुजवत होतो आणि पाणी खालून, मडगार्डच्या आतून येत होतं.

वाटीत गाळ नसेल तर वरचं डोकं तपासा. समोर तोंड असलेल्या डोक्यात मागच्या बाजूला किंवा बुडाशी बारीक चिरा असतात, आत आलेलं पावसाचं पाणी वाऱ्याच्या जोरानं मागच्या भिंतीवर आपटून तिथून निथळतं. त्या चिरा मातीनं किंवा पानांनी बुजल्या की ते पाणी थेट खाली जातं. एका मित्राच्या जिप्सीत तिथे चक्क कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं, मातीचं, छान लिंपलेलं. गाडी उन्हाळाभर उभी असेल तर टॉर्च मारून बघाच. काही जण पावसात डोकं मागे वळवतात. त्यात नुकसान नाही, कारण समोरून घुसणाऱ्या हवेनं ताकद वाढते ही बहुतेक किटवाल्यांची फुशारकी आहे. 80 किमी वेगाला त्या वाऱ्याचा दाब जेमतेम 3 मिलिबार भरतो, आणि वातावरणाचा दाब हजाराच्या घरात असतो.

आता फिल्टर. त्याची फक्त बाहेरची बाजू ओली आणि डब्याच्या तळाला पाणी, हे दुखणं अजून हाताबाहेर गेलेलं नाही. फिल्टरच्या पुढच्या, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवून ओल किंवा माती लागली तर मात्र गाडी तिथेच थांबवा. काय करायचं ते खाली लिहिलं आहे.

फट शोधायची कशी

सगळ्यात स्वस्त परीक्षा अंधाराची. रात्री पार्किंगमधला दिवा बंद करून फिल्टर काढला, डब्यात लहान एलईडी टॉर्च पेटवून ठेवला, झाकण क्लिपांसकट बंद केलं. माझ्या डब्याच्या बुडाशी चंद्रकोरीसारखी उजेडाची रेघ दिसली. आणखी एक रेघ सांध्यापाशी, पण ती फार पुसट होती, म्हणून खात्री होईना.

दुसरी परीक्षा तोंड दाबायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर, एक माणूस चावीपाशी. स्नॉर्कलच्या तोंडावर फोम चिकटवलेली प्लायची फळी घट्ट धरायची. तळहात लावू नका, ओढ चांगलीच असते. वाट घट्ट असेल तर इंजिन दोन-तीन सेकंदांत गुदमरून बंद पडायला हवं. माझी थार आरामात चालत राहिली. आमच्या गल्लीतले मिस्त्री काका बाजूला उभे होते. म्हणाले, "अरे, नाक दाबलंस, पण ती तोंडानं श्वास घेतेय." एक सावधगिरी: आयडलच्या वर ही परीक्षा करू नका, आणि मऊ रबरी पाइप आत पिचकताना दिसला तर लगेच फळी काढा. पिचकणारा पाइप हा स्वतंत्र दोष, तो बदलायचाच.

फट आहे हे कळलं, पण नेमकी जागा साबणाच्या पाण्यानं सापडते. इंजिन बंद. डब्यातून टर्बोकडे जाणारा पाइप सोडवून डब्याचं ते तोंड प्लास्टिकची पिशवी आणि टेपनं बंद करायचं. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा हवा फेकणारा भाग स्नॉर्कलच्या तोंडाला कापडानं गुंडाळून लावायचा आणि सगळ्या सांध्यांवर फेस फासायचा. गॅरेजचा कॉम्प्रेसर यासाठी वापरू नका, त्याच्या दाबानं चांगला सांधाही उखडतो. माझ्याकडे दोन ठिकाणी बुडबुडे आले: डब्याच्या बुडाशी, आणि स्नॉर्कलचा प्लास्टिक पाइप जिथे रबरी होजमध्ये जातो तिथे.

रबरी चोच

बहुतेक गाड्यांच्या फिल्टरच्या डब्याला खाली एक भोक असतं. चुकून आत आलेलं पाणी निथळावं म्हणून कंपनीनं ठेवलेलं, आणि मूळ रचनेत ते बरोबरच आहे. त्यावर बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर असतं. आत पाणी साठलं की त्याच्या वजनानं चोच उघडते, इंजिन ओढायला लागलं की मिटते. पण हे रबर इंजिनच्या उष्णतेनं कडक होतं आणि मग चोच कायमची आ वासून राहते. स्नॉर्कल नसताना ती उघडी राहिली तरी कोणाला कळत नाही. स्नॉर्कल लावलं की डोक्यावरून श्वास घेणाऱ्या गाडीला गुडघ्याच्या उंचीवर दुसरं नाक आहे, असा प्रकार होतो. स्नॉर्कल बसवणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं याच्याकडे लक्ष नसतं असं माझं मत आहे, कारण किटच्या खोक्यात हा भाग येतच नाही.

चोच चांगली आहे का हे पाहायला अवजार लागत नाही. काढून धुवा आणि डब्याकडच्या बाजूनं फुंका. फुंकलं तर उघडायला हवी, ओढलं तर ओठ मिटून हवा पूर्ण थांबायला हवी. माझी दोन्हीकडून बासरी वाजत होती. नवी काही रुपड्यांची मिळते.

कित्येक जण ते भोक बूच मारून कायमचं बंद करतात. मी तसं केलं नाही. घाटातल्या मुसळधार पावसात थोडं पाणी डोक्यातून येतंच, ते जायला वाट हवी. मी नवी चोच लावली आणि ओढ्यात उतरण्याआधी तिच्यावर चढवायला एक रबरी टोपी ठेवली आहे. पलीकडे गेलं की टोपी काढायची. विसरू नये म्हणून तिला लाल रिबीन बांधून ती एरवी चावीच्या जुडग्यात असते. चावीत टोपी नसेल तर ती गाडीखाली आहे.

सांधा, आणि सिलिकॉन का टिकत नाही

खरं मूळ इथे होतं, म्हणून जरा सविस्तर. बाजारातली पुष्कळशी स्नॉर्कलं पॉलिएथिलीनची असतात, गच्चीवरची काळी टाकी ज्याची बनते त्याच जातीचं प्लास्टिक. त्या टाकीला तडा गेला की वरून लावलेला कुठलाही लेप सहा महिन्यांत सोलून निघतो, हे घरोघरी माहीत असतं. या प्लास्टिकला काही चिकटत नाही, तो त्याचा स्वभावच आहे. शिवाय उष्णतेनं ते लोखंडापेक्षा दहापटीहून जास्त फुगतं. एप्रिल-मे महिन्यांत बोनेटखाली तापून ते फुगतं, क्लिप त्याला आवळून धरते, ते तिच्याखाली दबून हळूहळू बारीक होतं, आणि जूनमध्ये पाऊस पडून गारवा आला की क्लिप सैल आणि सिलिकॉन सुटलेलं. दरवर्षी नेमकं पावसाच्या तोंडाशी. दुखणं परत परत का यायचं याचं उत्तर मला इथे सापडलं.

माझ्या सांध्यात आणखी एक कारागिरी होती. स्नॉर्कलच्या पाइपाचा व्यास होजच्या आतल्या व्यासापेक्षा चार-पाच मिलिमीटरनं कमी, आणि तो फरक भरायला फिटरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर एकच क्लिप मारली होती. पट्टीची दोन टोकं जिथे एकमेकांवर चढतात तिथे त्रिकोणी पोकळी राहते. बुडबुडे तिथूनच येत होते. मी फिटरला दोष देत नाही, किटमध्ये योग्य मापाचा तुकडाच नव्हता. पण वर सिलिकॉन फासल्यावर ती पोकळी कोणाला दिसणार?

ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तर वापरूच नका. सुकताना त्यातून अॅसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. मडगार्ड कापलेल्या भोकाच्या कडेला माझ्याकडे तेच झालं होतं. तिथलं सिलिकॉन खरवडून, गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून वर रबरी बीडिंग बसवलं. नव्यानं भोक पाडणार असाल तर हे त्याच दिवशी करा.

सांध्याची दुरुस्ती शेवटी लेथवर झाली. टर्नरकडून अॅल्युमिनियमचा बोटभर लांबीचा जोड बनवून घेतला. त्याची एक बाजू स्नॉर्कलच्या पाइपाच्या आत बसते, म्हणजे क्लिप आवळली की प्लास्टिक आत दबत नाही, त्याला धातूचा आधार मिळतो. दुसरी बाजू होजच्या मापाची, आणि तिच्या कडेला गोल उठाव, म्हणजे होज त्याच्यावरून सरकून निघत नाही. होज साध्या रबराऐवजी आत कापडाचे थर असलेला घेतला. प्रत्येक बाजूला दोन क्लिपा, एकीचा स्क्रू वर तर दुसरीचा खाली, कारण स्क्रूपाशी क्लिपचा दाब सारखा नसतो. सिलिकॉन शून्य. मग परत फळी धरली, आणि गाडी गप्पकन बंद पडली. इतका आनंद गाडी सुरू झाल्यावरही कधी झाला नव्हता.

दोन ठिकाणं माझ्याकडे ठीक निघाली, तुमच्याकडे नसतील. डब्याच्या झाकणाचं पॅकिंग: कडेला खडूची पूड लावून झाकण बंद करून उघडा, पॅकिंगवर पूर्ण गोल ठसा उमटला पाहिजे. आणि कंपनीचं मूळ हवेचं तोंड किंवा आवाज कमी करणारा पोकळ डबा काढला असेल तर त्याची राहिलेली भोकं. ती टेपनं बंद केलेली मी स्वतः पाहिली आहेत.

पाणी आत गेलंच असेल तर

पाण्यात इंजिन बंद पडलं की सगळ्यांचा हात आधी चावीकडे जातो. तो आवरा. पाण्यानं अडून बंद पडलेलं इंजिन कदाचित अजून धड असतं, स्टार्टर मारल्यावर ते मोडतं. गियरमध्ये टाकून धक्का मारणं म्हणजे तेच दुसऱ्या मार्गानं. न्यूट्रलमध्ये ओढून बाहेर काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, डबा उघडा. फिल्टरच्या पुढचा पाइप कोरडा असेल तर कदाचित कारण दुसरं, विजेचं असेल. ओला असेल तर डिझेल इंजिनचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून, आधी इंजिन पान्यानं हातानं फिरवून मगच स्टार्टर द्यायचा, म्हणजे पाणी त्या भोकांतून उडून जातं. टर्बोनंतर हवा गार करणारा इंटरकूलरही काढून उपडा करा. तिथे पेलाभर पाणी दडून बसतं आणि इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या जोराच्या अॅक्सिलरेटरला आत जातं. हे रस्त्याच्या कडेला जमणार नसेल तर टो करून न्या. साध्या विमा पॉलिसीत पाण्यानं बसलेलं इंजिन बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरफाराबद्दल तरतूद आहे, म्हणून मडगार्ड कापण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारून घ्या.

स्नॉर्कल घट्ट झालं म्हणून गाडीची पाण्यातली मर्यादा वाढत नाही, हे मला एका डिफरन्शियलनं (अॅक्सलमधला, चाकांना ताकद वाटून देणारा गियरचा डबा) शिकवलं. तापलेला अॅक्सल थंड ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायची बारीक वाट), नाहीतर सीलमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ निघालं तर हेच झालं. ब्रीदरना लांब नळी जोडून बोनेटखाली वर नेली की प्रश्न मिटतो, खर्च किरकोळ. नव्या थारसाठी कंपनीनं सांगितलेली पाण्याची खोली 650 मिमी आहे, आणि डोक्यावर नळी लावली म्हणून अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि रेडिएटरचा पंखा वर सरकत नाहीत. गोव्यात 2014 पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोड स्पर्धेतल्या गाड्या बघून चेव येतो खरा, पण त्यांच्यासोबत विंच (गाडी ओढून काढणारी मोटर-दोराची चरखी) असते आणि मागे आख्खी टीम. आपल्या मागे घरचे असतात. पाणी वाहणाऱ्या फरशी पुलावर तर स्नॉर्कलचा काहीच उपयोग नाही. तिथे गाडी बुडत नाही, वाहून जाते.

नवीन जोड बसवल्यावर 500 किलोमीटरनं क्लिपा एकदा पुन्हा आवळल्या, पाऊण-एक फेरा गेल्या. आता मेअखेरीला, पाऊस सुरू व्हायच्या आधी, फळीची परीक्षा करतो आणि चोच फुंकून बघतो. वीस मिनिटांचं काम. यंदा जुलैत ताम्हिणी आणि वरंधा दोन्ही झाले, डबा कोरडा. ऑगस्टमध्ये मात्र पुन्हा तळाला चार थेंब दिसले आणि छातीत धस्स झालं. वाटीत काढले, गाळ नाही. मग आठवलं, आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरच्या पोरानं प्रेशरचा पाइप सरळ स्नॉर्कलच्या तोंडात धरला होता, "आतून पण साफ करतो, दादा" म्हणत. आता गाडी धुवायला दिली की आधी डोक्यावर पिशवी बांधतो, आणि निघताना ती काढली का ते दोनदा बघतो.